‘चांगला झाला, सर’ असं म्हण!

आमच्या ख्रिस्ती घरांत नम्रतेचं एक ठरलेलं वाक्य असतं. कोणी कौतुक केलं की मान खाली घालून म्हणायचं, “माझं काय, सगळी प्रभूची कृपा.” वाक्य खरंच आहे. पण ते म्हणताना समोरच्यानं आणखी दोन शब्द बोलावेत अशी आस मनात असेल, तर तोही गर्वच. हे मला चर्चमध्ये नव्हे, आज महोत्सव साजरा करणाऱ्या आपल्या शाळेच्या सुतारकामाच्या वर्गात कळलं.

सरांनी पाट करायला दिला होता. माझ्या पाटाच्या खालच्या पट्ट्या खाचेत इतक्या घट्ट बसल्या की खिळा लागलाच नाही. सरांनी पाट उलटा करून सांध्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “चांगला झाला.” मी सवयीनं बोललो, “नाही सर, कसातरी झाला.”

“काहून खोटं बोलतो? देवानं हात दिले, तू मेहनत केली, अन् कसातरी झाला म्हणतो? ‘चांगला झाला, सर’ असं म्हण!”

मी म्हटलं. मग त्यांनी मला मागच्या बाकावरच्या मुलाजवळ नेऊन बसवलं. तो लाकडाच्या रेषांच्या उलट रंधा चालवत होता आणि फळी सारखी उखडत होती. “याचा पाट होईस्तोवर तुला सुट्टी नाही.”

पुढे बायबलमधल्या गलतीकरांस पत्राचा सहावा अध्याय वाचताना सर आठवले. एकमेकांची ओझी वाहा, असं ते पत्र लिहिणारा पौल सांगतो आणि लगेच दोन वचनांनंतर म्हणतो की प्रत्येकानं आपलं काम पारखावं, म्हणजे अभिमान दुसऱ्याशी तुलना करून नव्हे, आपल्या कामापुरता राहील. येशूच्या दाखल्यात मंदिरात प्रार्थना करणाऱ्या त्या परूश्याचंही, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुद्याचंही, तसंच. उपास, दशमांश, सगळं तो खरोखर करत होता. त्याचं बिघडलं ते शेजारच्या जकातदाराकडे बोट दाखवल्यानं.

आपल्या नागपुरात तर स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप होऊन गेले. 1845 साली ते इथे आले, शाळा काढली, इथल्या खडकांवर स्वतःच्या नावानं लेख लिहिले. ज्ञान लपवलं नाही. आणि हाच विद्वान गोंडांची गाणी, त्यांची बोली ऐकून टिपून घेत होता. 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटहून परतताना ते पुरात बुडाले. ती टिपणं 1866 मध्ये छापली गेली. मला त्यांच्या लेखांहून हे ऐकणं मोठं वाटतं.

रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये मी नव्या पोरांना काम शिकवतो. जोड नीट बसला की आधी त्यांच्याच तोंडून ते वदवून घेतो, मग शेजारच्याला शिकवायला लावतो. या महोत्सवात शाळेनं आपल्या गुणवंतांची नावं जरूर अभिमानानं लावावीत. माझी एकच विनंती आहे. बंद पडलेला सुतारकामाचा वर्ग पुन्हा सुरू करावा. दर शनिवारी शिकवायला मी येईन. मला ते काम चांगलं येतं.