बिनपगारी, फुल अधिकारी

लहान मुलांना वर्षातले दहा महिने घरात एकच वाक्य ऐकायला मिळतं, 'मध्ये मध्ये करू नकोस.' ओट्यापाशी आली की चटका बसेल, कपाटापाशी आली की घड्या मोडतील, बाबाच्या लॅपटॉपपाशी आली तर मीटिंग चालू असेल. मग परीक्षा संपतात, दप्तरं माळ्यावर जातात आणि घरात एकाएकी त्यांच्या मापाची कामं निघतात. माठ भरायचा असतो, आढीतले आंबे हुंगायचे असतात, वाळवण राखायचं असतं. मोठ्यांनी केली तर ही कामं म्हणजे नुसता खोळंबा. मुलांना मात्र ती दिली की हुद्दा मिळाल्यासारखं वाटतं. आमच्या पुण्याच्या घरात मे महिन्यात असे दोन अधिकारी रुजू होतात. एक तिसरीतला, एक बालवाडीतल्या मोठ्या गटातली. दोघंही बिनपगारी आणि म्हणूनच फार कडक.

माठ पाडव्याच्या आसपास येतो, तेव्हा निवड समितीवर थोरला असतो. टिचकी मारली की खणखणीत वाजला पाहिजे, बद्द वाजला तर कुठेतरी चीर आहे, हे त्याला आजीनं शिकवलंय. यंदा त्यानं रांगेतला एकूण एक माठ वाजवून पाहिला, आणि विकणाऱ्या मावशींनी वाजवू दिला, याचंच मला जास्त कौतुक. माठ भरण्याचं खातं धाकटीकडे आहे. तांब्यानं भरते. एक तांब्या माठात, अर्धा फरशीवर. एरवी यावरून आरडाओरडा झाला असता, पण एप्रिलच्या दुपारी ओल्या फरशीबद्दल कोण तक्रार करतंय! तिचा बाबा तर तिथेच अनवाणी उभा राहून फोनवर बोलतो.

माठाला घाम का येतो, हा प्रश्न ओघानं आलाच. पाणी मातीतून बाहेर झिरपतं, वाऱ्यानं वाळतं आणि वाळताना आतली उष्णता घेऊन जातं, असं मी सांगितलं. मग थोरल्यानं विचारलं की डोंबिवलीच्या मावशीचा माठ का गार होत नाही. आता तिथली हवाच इतकी दमट की बाहेर झिरपलेलं पाणी वाळणार कसं? हे उत्तर त्यानं मावशीला फोन करून, स्पीकर लावून, सविस्तर ऐकवलं. मावशी म्हणाली, "बरं बाबा, आमची हवाच वाईट." आणि आंबे पाठवते म्हणाली.

नागपूरला आत्याकडे हेच शास्त्र मोठ्या मापात चालतं. तिथे खिडकीत लोखंडी कूलर, त्याच्या टाकीत संध्याकाळी पाइपनं पाणी सोडायचं, आणि हे काम घरातल्या मुलाचं. माझा भाचा ते करता करता निम्मा स्वतः भिजतो आणि अंगणही भिजवतो. आमच्या थोरल्याला त्या कूलरचा हेवा वाटतोच, पण त्याहून जास्त हेवा विदर्भातल्या शाळा आपल्यापेक्षा उशिरा उघडतात याचा. "पंचेचाळीसमध्ये राहून दाखव, मग माग जास्तीची सुट्टी," असं आत्यानं एकदाच सांगून टाकलंय.

आंब्यांचं खातं दोघांत वाटून दिलेलं आहे, त्यामुळे भांडणंही तिथेच सगळ्यात जास्त. पलंगाखाली भाताच्या पेंढ्यात आढी लागली की रोज सकाळी तपासणी. अंगठ्यानं दाबायचं नाही, हा पहिला नियम. दाबलेला आंबा तिथेच काळा पडतो आणि कोणी दाबला ते कोणी कबूल करत नाही. देठापाशी नाक न्यायचं आणि वास घ्यायचा. धाकटीचं नाक या बाबतीत माझ्यापेक्षा तयार आहे. ती पोटावर झोपून पलंगाखाली सरकते, बाहेर फक्त पाय दिसतात, आणि आतून निकाल येतात: "हा उद्या. हा उद्या. हा आत्ता!" तयार आंबा ताबडतोब बाहेर काढावा लागतो, कारण पिकलेल्या फळातून जो वायू निघतो त्यानं शेजारचेही भराभर पिकतात, आणि मग एका दिवशी डझनभर आंबे तुमच्याकडे बघत बसतात. अर्थात तसं झालंच तर आमच्या घरात कोणी शोक करत नाही. पायरी आंबे पातेलंभर पाण्यात पडतात, घोळून मऊ होतात, रस निघतो, आणि बाठे कोणी चोखायचे यावर नव्यानं सुनावणी सुरू होते. रसात चिमूटभर सुंठ आणि वरून तूप घालावं, या मताची मी आहे. मिक्सरमधून फिरवलेला रस मला रस वाटत नाही, पण हे मी पाहुण्यांसमोर बोलत नाही.

आता कुरडया. सगळ्या उन्हाळ्यात मुलांना खरी सत्ता मिळते ती इथे.

आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, एप्रिल सरता सरता गहू भिजत घालतात. तीन दिवस ते भिजतात, रोज पाणी बदलायचं, आणि तिसऱ्या दिवशी जो आंबूस वास सुटतो तो लिफ्टपर्यंत जातो. वरच्या मजल्यावरचे काका लिफ्टमधून उतरतानाच विचारतात, "कुरडया का?" मग ते गहू वाटायचे, फडक्यातून चीक गाळायचा, रात्रभर निवळू द्यायचा. उरलेल्या चोथ्याच्या भुसवड्या होतात, वाया काही जात नाही. सकाळी वरचं पाणी अलगद ओतून टाकलं की पातेल्याच्या तळाशी घट्ट पांढरा थर राहतो. हे बघायला मुलं पहाटे पाचला आपणहून उठतात. शाळेच्या दिवसांत ज्यांना सात वाजता ओढून काढावं लागतं, तीच ही मुलं.

आधणात मीठ-हिंग पडतं, एका हातानं चीक ओतला जातो आणि दुसऱ्या हातानं लाकडी चाटू फिरत राहतो. एक मिनिट हात थांबला की गुठळी झालीच. पांढरा चीक हळूहळू काचेसारखा होतो, चकाकायला लागतो, चाटूला जड होतो. आई म्हणतात, "आला." त्या क्षणाला दोन वाट्या ओट्यावर आधीच येऊन बसलेल्या असतात. गरम चीक, वर तूप आणि साखर. थोरल्याला साखरेऐवजी तेल-तिखट लागतं. हा पदार्थ वर्षात या एकाच सकाळी मिळतो, हॉटेलात मिळत नाही, डब्यात नेता येत नाही, आणि गार झाला की त्यात राम राहत नाही. फुंकर मारून खायचा. जीभ थोडी भाजतेच.

गच्चीची किल्ली सोसायटीच्या वॉचमनकाकांकडून आदल्या रात्रीच आणून ठेवलेली असते. ऊन चढायच्या आत प्लॅस्टिकचा कागद अंथरायचा, चार कोपऱ्यांवर विटा, आणि सोऱ्या फिरायला लागला की थांबायचं नाही, चीक गरम आहे तोवरच तो नीट पडतो. सोऱ्याची मूठ फिरवायला जोर लागतो, म्हणून ते काम नवऱ्याकडे. आई खालून हात फिरवत गोल वेटोळी घालतात, एकसारखी, मोजून मापून केल्यासारखी. शेवटी सोऱ्यात उरतो त्या चिकाच्या कुरडया मुलांच्या. त्या गोल नसतात. यंदा थोरल्यानं एक साप घातला आणि धाकटीनं गोगलगाय. गोगलगाईला शिंगं होती.

मग राखण. आजीची काळी छत्री उघडून वाळवणाच्या मधोमध ठेवलेली, दोघं पाण्याच्या टाकीच्या सावलीत सतरंजीवर, हातात एक काठी, जी कोणाच्या हातात असावी यावर वाद. पूर्वी म्हणे कावळ्यांचाच त्रास असायचा. कावळा कुरडई खातही नाही धड, उचलून टाकीवर नेतो, एक चोच मारतो आणि टाकून देतो. आता पुण्यात कबुतरं त्याहून उच्छाद मांडतात. ती घाबरत नाहीत. काठी आपटली की दोन पावलं बाजूला होतात आणि परत चालत येतात. धाकटी त्यांच्याशी काठीपेक्षा बोलूनच जास्त वागते. "तुम्हाला सांगितलं ना एकदा!" हा आवाज मला चांगलाच ओळखीचा वाटला.

राखणदारच वाळवण खातात, हे सगळ्यांना माहीत असतं आणि हिशेबात धरलेलंही असतं. वरून कडक झालेली आणि खालून अजून ओली, चिवट कुरडई दातांना चिकटते. तळलेलीपेक्षा तीच मुलांना आवडते. पापडाच्या लाट्यांचंही तेच, तेलात बुडवून कच्च्याच. दहाच्या पुढे मात्र दोघांना खाली बोलावून घ्यायचं, पारा चाळिशीला टेकत असतो.

याला वर्षातून एकच अपवाद. पुण्यात मेच्या १३-१४ तारखेला, दुपारी साडेबाराच्या सुमाराला, सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या बुडाखालीच जाते. शून्य सावली दिवस. त्या दिवशी थोरला टोपी घालून स्टीलचा उभा डबा घेऊन गच्चीवर गेला. धाकटी उडी मारून सावली सापडते का बघत होती. उडी मारली की पायाखाली सापडायची, म्हणून पुन्हा उडी. कोल्हापूरकरांचा हा दिवस आपल्या आठवडाभर आधी होऊन जातो, मुंबईचा एक-दोन दिवसांनी येतो, आणि सूर्य असा वर सरकत सरकत नागपूरला पोचतो २६ मेच्या आसपास. म्हणजे २५ तारखेला रोहिणी लागून नागपूरकरांचा नवतपा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होतो, त्याच्या तोंडावरच. थोरल्यानं भाच्याला फोन लावून विचारलं, "तुमची सावली अजून आहे ना?" त्यानं उठून बघितलं बहुतेक, कारण थोडा वेळ उत्तर आलं नाही.

या दिवसांत इतर आया मला विचारतात की मुलांना कुठल्या शिबिराला घातलंस. शिबिरांना माझा विरोध नाही, दोघं नोकरीवर जाणाऱ्या घरात दुपारी मुलं ठेवायची कुठे हा प्रश्न खराच आहे, आणि आमच्याकडे आई आहेत म्हणून मला हे बोलायची चैन परवडते. पण आइस्क्रीमच्या काड्यांचं घर करून आणणाऱ्या मुलाला ते घर कोणालाही नको असतं हे चांगलं कळतं. चार दिवस ते टीव्हीवर राहतं, मग कचऱ्यात. कुरडयांचा डबा वर्षभर पुरतो. गौरी-गणपतीला पाहुणे आले की तळल्या जातात आणि थोरला येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटतो की कबुतरं मी हाकलली होती.

दुपारी पत्ते. भिकार-सावकारला काही म्हणता काही अक्कल लागत नाही, त्यामुळे पाच वर्षांची मुलगी आणि बँकेतून निवृत्त झालेले सासरे बरोबरीनं खेळतात. हरले की दोघंही सारखेच चिडतात.

आणि आइस्क्रीमचा पॉट. माळ्यावरून काढला की आधी त्याची लाकडी बादली रात्रभर पाण्यात ठेवायची, नाहीतर फळ्यांच्या फटींतून गळत बसते. फळ्या फुगल्या की आपोआप मिटते. बर्फाची लादी गोणपाटात घालून बत्त्यानं फोडायची, हे थोरल्याचं आवडतं काम, आणि शेजाऱ्यांचं नावडतं. बर्फाचे थर, मध्ये जाडं मीठ. नुसता बर्फ शून्य अंशापाशीच अडतो, मीठ पडलं की तो वितळतानाच आणखी थंड होतो, शून्याच्या बराच खाली जातो, तेव्हा कुठे डब्यातलं दूध आणि आंबा धरायला लागतात. सुरुवातीला मूठ हलकी फिरते म्हणून धाकटीचा नंबर पहिला, मग थोरल्याचा, मग जड झाली की बाबाचा. 'झालं का?' हा प्रश्न मात्र पहिल्या फेरीपासूनच. झाकण उघडताना कडेनं थोडं खारं पाणी आत जातंच. कडेचं आइस्क्रीम किंचित खारट लागतं, आणि बाहेरचं कितीही महागाचं आणलं तरी धाकटी म्हणते, याला मीठ कमी आहे.

यंदाचा वळीव नेमका दुसऱ्या घाण्याच्या कुरडया गच्चीवर असताना आला. ढग दिसत होते, पण राखणदार टाकीच्या पलीकडे शेजारच्या मुलांबरोबर होते. पहिले टपोरे थेंब पडले आणि चारी मजल्यांवरून बायका धावत सुटल्या. कोणाच्या पापड्या, कोणाचं लाल तिखट, कोणाच्या गाद्या. कोणी कोणाचं उचललं ते नंतर जिन्यात बसून वाटून घेतलं. आमच्याकडे शेजाऱ्यांच्या अर्धा किलो मिरच्या आल्या, आमची छत्री तिसऱ्या मजल्यावर गेली.

कोरड्या जागी पसरून, पंख्याखाली फिरवून कुरडया वाचल्या एकदाच्या. डबा भरायच्या आधी एक घाणा तळून बघायचा, ही आईंची रीत. कढईत टाकली की बोटभर जाड कुरडई क्षणात ताटाएवढी फुलते, आणि फुलली की साप कुठला, गोगलगाय कुठली, काही कळत नाही. धाकटी ताटाभोवती फिरून फिरून शोधत होती. शेवटी आजोबांच्या पानातली एक तिनं उचलली. त्यांनी अर्धी खाल्ली होती.

"ही माझी," ती म्हणाली. "हिला शिंगं होती."

"ती मी खाल्ली," आजोबा म्हणाले.