आमची वाटचाल : ओंडक्यापासून प्लायपर्यंत

आमची लाकडाची वखार पुण्याच्या टिंबर मार्केटमधली. 1996 साली मी गल्ल्यावर बसू लागलो आणि त्याच डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोडीवर कडक निर्बंध घातल्यामुळे ईशान्य भारतातून येणारा प्लाय जवळजवळ आटला. वखारीत तेव्हा ‘मलेशियन साल’ नावाने विकले जाणारे ओंडके रचलेले असत. इंडोनेशियाचा मात्र एकही ओंडका नजरेस पडत नसे, आणि तो का पडत नाही हे समजायला मला काही वर्षे लागली.

इंडोनेशियाने 1985 मध्ये ओंडक्यांची निर्यात बंद केली होती. ज्याला लाकूड हवे त्याने तयार प्लाय घ्यावा, असा त्यामागचा सरळ हिशोब होता. कारखाने भराभर उभे राहिले, कोणी कुठे, किती आणि काय भावाने विकायचे हे ‘आप्किंदो’ या उत्पादक संघटनेने स्वतःच्या हाती घेतले आणि 1990च्या दशकाच्या सुरुवातीस तो देश वर्षाला सुमारे 90 लाख घनमीटर प्लाय बाहेर पाठवू लागला. त्यांचे मोठे गिऱ्हाईक जपान. मलेशियाची गोष्ट वेगळी होती : तिथल्या सारावाक या राज्याने ओंडके विकणे थांबवले नाही, त्यामुळे तिथले बरेचसे लाकूड प्लायच्या निर्यातीत न मोजले जाता आमच्यासारख्यांच्या वखारींत येऊन पडत होते. नुसते प्लायचे आकडे शेजारी ठेवून या दोन देशांची तुलना करणाऱ्याची फसगत होते, ती इथेच.

2004 साली प्लाय आणि एमडीएफचे (लाकडाचे तंतू चिकटद्रव्याने दाबून केलेल्या फळ्यांचे) गोदाम काढायचे ठरले, तेव्हा कर्जाच्या अर्जाला मी दोन्ही देशांच्या निर्यातीचे तक्ते जोडले. बँकेच्या साहेबांनी ते उलटूनही पाहिले नाहीत, पण माझा निर्णय त्यांवरूनच झाला. इंडोनेशियाची रेघ उतरत होती. 1998च्या आर्थिक संकटात नाणेनिधीच्या अटींमुळे आप्किंदोची पकड सुटली हे त्याचे एक कारण. मूळ कारण मात्र असे की कारखान्यांची भूक जंगलाच्या ऐपतीपेक्षा फार मोठी झाली होती. मलेशिया चढत होता आणि 2005च्या सुमारास प्लायच्या निर्यातीत त्याने इंडोनेशियाला मागे टाकले. शिवाय चीक आटलेली रबराची झाडे एमडीएफसाठी वापरण्याची सोय त्याच्याकडे होती, म्हणून आम्ही मलेशियन एमडीएफवर भर दिला.

पहिल्याच पावसाळ्यात कोकणातल्या एका गिऱ्हाइकाच्या ओट्याखालच्या कपाटांच्या कडा फुगल्या. दोष मालाचा नव्हता. ओल्या जागेसाठी साधा एमडीएफ देणारे आम्हीच होतो. कपाटे पदरमोड करून बदलून दिली.

पुढच्या दशकात चित्र पुन्हा फिरले. सारावाकमधली तोड कमी होत गेली तशी मलेशियाची प्लाय निर्यात उतरली. तिकडे जावामधल्या शेतकऱ्यांनी बांधांवर लावलेल्या, पाच-सात वर्षांत तोडीला येणाऱ्या सेंगोनच्या झाडांनी इंडोनेशियाच्या कारखान्यांना आधार दिला. हे लाकूड हलके असल्यामुळे स्क्रू धरत नाही, अशी आमच्या सुतारांची तक्रार आहे आणि ती रास्त आहे.

मलेशियन सालचा आमचा शेवटचा ढीग 2018 साली संपला. त्या जागेवर आता हरियाणातल्या यमुनानगरच्या, पॉप्लरच्या झाडांपासून केलेला प्लाय रचलेला असतो.