घोडं पेंड खातं ते स्लाइडवर

सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक माणसाच्या पेशींतल्या गुणसूत्रांना इजा करतं का, हे बघायला आम्ही रत्नागिरीत मायक्रोन्यूक्लियस चाचणी लावली, तीही ऐन आषाढात. रक्त, कल्चर, औषध सगळं सुरळीत झालं. स्लाइड वाळवण्यात मात्र तीन आठवडे गेले. प्रोटोकॉलमध्ये त्या पायरीला एकच ओळ असते: ‘स्लाइड हवेत वाळू द्या.’ कुठल्या हवेत? इथे दोरीवरचे कपडे चार दिवस वाळत नाहीत.

आधीचं थोडक्यात. ४.५ मिली आरपीएमआय-१६४० (पेशी वाढवायचं द्रव माध्यम), त्यात सीरम आणि पेशींना विभागायला लावणारं पीएचए, वर ०.५ मिली रक्त. नळी हेपरिनची, हिरव्या टोपणाची. जांभळ्या टोपणाच्या नळीतलं ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवतं आणि लिंफोसाइट, म्हणजे आपल्याला हव्या त्या पांढऱ्या पेशी, विभागायचं नाव घेत नाहीत. सोमवारी दुपारी १ ला लावलं की मंगळवारी १ ला औषध, बुधवारी सकाळी ९ ला, म्हणजे ४४ व्या तासाला, सायटोकॅलॅसिन-बी आणि गुरुवारी १ ला ७२ तास पुरे. या वेळा धरल्या तर रात्री कोणाला यावं लागत नाही.

आता स्लाइड. सायटोकॅलॅसिनमुळे केंद्रक विभागतं पण पेशी विभागत नाही, म्हणून एका पेशीत दोन केंद्रकं दिसतात. गुणसूत्राचा तुटका तुकडा किंवा मागे राहिलेलं अख्खं गुणसूत्र त्यांच्या शेजारी छोटा ठिपका होऊन बसतं. तोच मायक्रोन्यूक्लियस. आमच्या पहिल्या खेपेत केंद्रकं होती, ठिपके होते, पण पेशीची कडच फुटलेली. ठिपका कोणत्या पेशीचा हे ठरवता येत नाही, म्हणजे ती स्लाइड वाया.

निम्मी चूक आमची. गुणसूत्रं पसरवून बघायच्या दुसऱ्या चाचणीच्या सवयीने ०.०७५ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ३७ अंशांवर २० मिनिटं ठेवलं. इथे ते थंड घ्यायचं आणि ३-४ मिनिटांत आटपायचं. तांबड्या पेशी फुटल्या की बस. पेशी पक्क्या करणाऱ्या मिश्रणात, म्हणजे फिक्सेटिव्हमध्ये, मिथेनॉल आणि अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडही ३:१ नको, ५:१ घ्या. पहिल्या फिक्सेटिव्हमध्ये फॉर्मलिनचे दोन-तीन थेंब टाकले तर कड टिकते.

उरलेली निम्मी चूक पावसाची. स्लाइडवरून मिथेनॉल आधी उडतं. मागे राहतं अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड, आणि ते दमट हवेतलं पाणी ओढत राहतं. कोरड्या खोलीत हा खेळ लगेच संपतो. आमच्याकडे थेंब ओला तो ओलाच, आणि तेवढ्या वेळात पेशी फुगून चपट्या होऊन फुटतात. उघडी राहिलेली मिथेनॉलची बाटलीही पाणी धरते, त्यामुळे फिक्सेटिव्ह रोज ताजं, नव्या बाटलीतून.

आम्ही पंखा लावून बघितला, दिव्याखाली ठेवून बघितलं. उपयोग शून्य, पंखा तीच दमट हवा फिरवतो. शेवटी एसी ‘ड्राय’वर टाकून दार बंद केलं, आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास आल्यावरच थेंब टाकायला घेतले आणि स्लाइड थेट ४० अंशांच्या गरम पट्टीवर ठेवली. साधा आर्द्रतामापक काही शे रुपयांत मिळतो, तो पहिल्या दिवशीच घ्यायला हवा होता. वाळलेल्या स्लाइड निळ्या सिलिका जेलच्या डब्यात. जेल गुलाबी झालं की भाजून परत निळं करा.

याहून महत्त्वाचं: सगळा माल एका दिवशी स्लाइडवर ओतू नका. एकच स्लाइड करा, रंग न देता सूक्ष्मदर्शकाचा कंडेन्सर खाली घेऊन बघा, कडा शाबूत असतील तरच पुढची. बाकीच्या पेशी फिक्सेटिव्हमध्ये उणे २० अंशांवर महिनोन्‌महिने टिकतात. आम्ही पहिल्या खेपेत सगळं ओतलं होतं.

जिम्सा या रंगाचे कण हुबेहूब मायक्रोन्यूक्लियससारखे दिसतात. रंग गाळून घ्या. फोकस जरा हलवल्यावर चमकला तो कण. खरा ठिपका केंद्रकाच्याच रंगाचा, त्याच्या व्यासाच्या १/१६ ते १/३ एवढा, आणि केंद्रकाला जोडलेला नसलेला.

औषधाबद्दल सांगायचं राहिलं. दुकानातली गोळी कुटून घालू नका, तिच्यात स्टार्च आणि मॅग्नेशियम स्टिअरेट असतं. शुद्ध हायड्रोक्लोराइड पूड पाण्यात विरघळवा आणि फॉइल गुंडाळा, कारण हे औषध उजेडात बिघडतं. जास्त मात्रेत माध्यमात स्फटिक पडतात, तेवढं बघून घ्या. औषधासाठी डीएमएसओ हा द्रावक टाळा: त्यातच बनवलेलं सायटोकॅलॅसिनचं १ मिग्रॅ प्रति मिली द्रावण ३० मायक्रोलिटर घातलं की ५ मिलीत ६ मायक्रोग्रॅम प्रति मिली होतं, पण ०.६ टक्के डीएमएसओ त्यातच जातो आणि मर्यादा १ टक्क्याची. पॉझिटिव्ह कंट्रोलला, म्हणजे नक्की इजा करणारं औषध म्हणून, मायटोमायसिन-सी. गंमत म्हणजे तेही एक प्रतिजैविकच.

वीज गेली तर इन्क्युबेटरचं दार उघडू नका. पेशी थंडावल्या की विभागणी रेंगाळते आणि दोष औषधावर येतो. औषध न घातलेल्या कंट्रोलमध्येही दोन केंद्रकांच्या पेशी कमी दिसल्या तर आधी महावितरणला विचारा.

आणि रक्त देणारा. तरुण, निरोगी, व्यसन नसलेला हवा. ‘तंबाखू?’ म्हटल्यावर मशेरी लावणाराही नाही म्हणतो, त्याच्या लेखी ती दात घासायची वस्तू. ‘औषध चालू आहे का?’ यालाही उत्तर नाहीच येतं, पण भातलावणीच्या दिवसांत लेप्टोस्पायरोसिस होऊ नये म्हणून आरोग्य केंद्रातून आठवड्याला २०० मिग्रॅ डॉक्सिसायक्लिन पोटात गेलेलं असू शकतं. म्हणून ‘चिखलात उतरायच्या आधी गोळी दिली होती का?’ असंच विचारा.