आतड्याचा तुकडा की मूळ पिशवी?

मुलगी 19 वर्षांची. जन्मापासून स्पायना बायफिडा, म्हणजे पाठीचा कणा खाली नीट मिटलेलाच नाही, त्यामुळे मूत्राशयाच्या नसाही बिघडलेल्या. नवव्या वर्षी लहान आतड्याचा सुमारे 25 सेंटीमीटर तुकडा उभा उघडून मूत्राशयावर ठिगळासारखा शिवला होता. दर चार तासांनी नळी घालून लघवी काढायची, आणि इतकी वर्षं ती कोरडी होती. गेले सहा महिने मात्र दोन वेळांच्या मध्ये गळती सुरू झाली. ‘बोटॉक्स द्यावे’, म्हणजे स्नायू सैल करणारं इंजेक्शन मूत्राशयात टोचावं, एवढीच चिठ्ठी घेऊन मायलेकी आल्या.

एवढ्यावर सुई उचलायची नसते. आतडं जोडून वाढवलेली पिशवी, म्हणजे मूत्राशय, पुन्हा गळायला लागली की आधी खडा, जंतुसंसर्ग, नळीच्या चुकलेल्या वेळा आणि खाली अडकून ताणला जाणारा मज्जारज्जू तपासायचा. हे सगळं ठीक निघालं. मग एक्स-रेखाली युरोडायनॅमिक तपासणी केली, म्हणजे पिशवी हळूहळू भरत आतला दाब मोजला. 180 मिलिलिटरला दाब 58 सेंटीमीटर पाण्याइतका चढला. 40 च्या वर दाब वारंवार जात राहिला की मूत्रपिंडांना धोका असतो.

खरं उत्तर पडद्यावर दिसलं. दाब चढताना खालची मूळ पिशवी आक्रसत होती आणि तपासणीसाठी भरलेलं, एक्स-रेत दिसणारं रंगद्रव्य वरच्या आतड्याच्या भागात ढकललं जात होतं. आतडं आवळत असतं तर उलटं दिसलं असतं. मूळ पिशवी शिंपल्यासारखी पुरेशी खोल उघडली गेली नसेल, तर खाली स्नायूंचा गोल शाबूत राहतो आणि तोच पिळत बसतो. बोटॉक्स मज्जातंतूच्या टोकाशी अ‍ॅसिटिलकोलीन, म्हणजे स्नायूला आवळायला सांगणारं रसायन, सुटणं थांबवतं. मग जो स्नायू पिळतो आहे, त्यातच ते गेलं पाहिजे.

प्रौढांच्या अशा नसांच्या आजारात 200 युनिट देतात. शिवलेल्या पिशवीसाठी वेगळी ठरलेली मात्रा नाही, हे आईला स्पष्ट सांगून संमती घेतली. नेहमी 30 मिलिलिटरमध्ये 30 टोचण्या असतात. इथे मूळ भिंत थोडीच, म्हणून 100 युनिटच्या दोन बाटल्यांत प्रत्येकी 5 मिलिलिटर सलाईन घातलं आणि 20 जागी अर्धा-अर्धा मिलिलिटर द्यायचं ठरवलं. सुई टोचताच बाटलीतली निर्वात पोकळी सलाईन स्वतः ओढून घेते. तिने ओढलं नाही, तर ती बाटली फेकायची. हलवून फेस करायचा नाही, हलकेच फिरवायची.

ट्रेवर नजर टाकली तर अ‍ॅन्टिबायोटिक म्हणून जेंटामायसिन भरलेलं. “सिस्टर, आज जेंटा नको, अमिकासिनही नको.” ही दोन्ही नस आणि स्नायू यांचा सांधा आणखी मंदावतात, बोटॉक्सचा परिणाम वाढवतात. तिच्या लघवीच्या कल्चरप्रमाणे दुसरं औषध दिलं. हातमोजे आणि नळ्याही लॅटेक्सविरहित, कारण या मुलांना लॅटेक्सची अ‍ॅलर्जी फार असते.

आत दुर्बीण घातली तर समोर नुसता आतड्याचा चिकट स्राव. 50 मिलिलिटरच्या सिरिंजने सलाईन मारत, ओढत राहिलो. परत आलेलं पाणी स्वच्छ होईपर्यंत टोचायला सुरुवात केली नाही. मग शिवण दिसली: वर मखमलीसारखं, मध्येच लहर जाणारं आतडं, खाली गुळगुळीत, स्नायूंच्या दोऱ्या उठलेली मूळ भिंत. पिशवी 100 मिलिलिटरच भरली, कारण जास्त ताणली की भिंत पातळ होते आणि सुई आरपार जाते. सुई 2 मिलिमीटर आत, दोन जागांत 1 सेंटीमीटर अंतर, मूत्रवाहिन्यांच्या तोंडांमधला त्रिकोण सोडून. आतड्यात एकही टोचणी नाही: पिळणारा स्नायू तिथला नव्हता, आणि भिंत नाजूक. शेवटी सुईत उरलेलं औषध सलाईनने ढकलून दिलं.

घरी जाताना आईला सांगितलं, “ताई, नळीच्या वेळा आहेत त्याच. रोज सलाईनने धुणंही चालू ठेवा. पोट फुगलं, ताप आला, खांदा दुखला तर लगेच या. पिशवी पोटात फुटली तरी हिला ते दुखणं कळणार नाही.”

दोन आठवड्यांत गळती थांबली. सहाव्या आठवड्यात 340 मिलिलिटरला दाब 24 होता. आठव्या महिन्यात आईचा फोन आला, पुन्हा ओलं होतंय. बाटल्या मागवण्याआधी मी तिला सोनोग्राफीला बोलावलं.