मयत खातेदार जागेवरून हलत नाही: लॉर्डेरॉन, अराथी आणि झेंड्यांचं गणित

वारसनोंद करायची तर आधी खातेदार मयत असावा लागतो. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममधला लॉर्डेरॉन राज्याचा वाद नेमका इथेच अडतो. खातेदार मयत आहे, पण घर सोडायला तयार नाही.

ज्यांनी जुना गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 2002 च्या वॉरक्राफ्ट 3 मध्ये लॉर्डेरॉनचा राजपुत्र आर्थस स्वतःच्या बापाला, राजा टेरेनासला, दरबारातच मारतो आणि राज्य प्रेतांच्या फौजेच्या घशात घालतो. 2003 च्या विस्तारात त्यातली बरीच प्रेतं त्या फौजेचा धनी लिच किंग याच्या तावडीतून सुटतात, सिल्व्हानस त्यांची पुढारी होते आणि पडक्या राजधानीच्या खाली अंडरसिटी वसते. हे फोरसेकन. नोव्हेंबर 2004 मध्ये ऑनलाइन गेम सुरू झाला तेव्हा ते होर्डमध्ये, म्हणजे ऑर्क-ट्रोलांच्या गटात होते, ते सोयीपुरते.

अलायन्सवाल्यांचं, म्हणजे माणसांच्या बाजूच्या विरोधी गटाचं, म्हणणं सरळ आहे: राज्य माणसांचं होतं, परत घ्यायचं. पण फोरसेकनांतले बहुतेक त्याच राज्याचे रहिवासी. तिथेच जन्मले, तिथेच मेले, तिथेच उठले. अंडरसिटीत उतरायच्या आधी वरच्या पडक्या दरबारातून जावं लागायचं. तिथे फरशीवर गुलाबाच्या पाकळ्या पडलेल्या दिसतात, आणि आवाज वाढवून थांबलात तर आर्थसच्या स्वागताचे प्रतिध्वनी ऐकू येतात. एकही संवाद न लिहिता 'ही जागा कुणाची' हे सांगणारी इतकी नेमकी खोली या गेममध्ये दुसरी नाही.

तत्त्व म्हणून बघितलं तर पारडं फोरसेकनांचंच जड. वहिवाटही त्यांची, जन्मही तिथलाच. त्यांचा दावा कमकुवत केला तो त्यांच्याच राणीने, सिल्व्हानसने. 2010 च्या कॅटॅक्लिझम या विस्तारात तिने शेजारच्या गिल्निअसवर, माणसांच्या दुसऱ्या राज्यावर, चाल केली. आपलं घर राखणं वेगळं आणि शेजाऱ्याचा बांध कोरणं वेगळं. 2018 मध्ये अलायन्स राजधानीच्या दारात आल्यावर तिने ब्लाइट नावाचं विष सोडून शहरच राहण्यालायक ठेवलं नाही. 2022 मध्ये, 9.2.5 पॅचला (गेमच्या अपडेटला), फोरसेकन अवशेषांत परतले आणि कारभार एका मंडळाकडे गेला. त्या मंडळात टेरेनासची मुलगी कॅलिआ आहे, आणि तीही आता मेलेली. वारसही तीच, मयतही तीच. लेखकांनी ही गाठ मुद्दाम मारली असेल तर दाद द्यायला हवी.

हे झालं कथेतलं. खेळात दाव्याला वजन येतं ते खेळाडूच्या हाताला काम मिळालं की, आणि ते सगळ्यात चोख जमलंय अराथी बेसिन या रणांगणात, जिथे खेळाडूंचे दोन संघ भिडतात. एका बाजूला स्ट्रॉमगार्ड या माणसांच्या जुन्या राज्याची जमीन परत मागणारी अलायन्सची लीग ऑफ अराथोर, दुसऱ्या बाजूला होर्डकडून फोरसेकनांचे डिफायलर्स. पंधरा विरुद्ध पंधरा. पाच ठाणी, प्रत्येकावर एक झेंडा: तबेला, लोहारखाना, लाकूड गिरणी, सोन्याची खाण आणि शेत. तबेला अलायन्सच्या दाराशी, शेत होर्डच्या, लोहारखाना मधोमध.

झेंड्याला हात घातला की ठाणं लगेच तुमचं होत नाही, एक मिनिट जावं लागतं. तेवढ्यात समोरच्याने झेंडा परत फिरवला तर सगळं पाण्यात. झेंडा फिरवताना अंगावर एक फटका बसला तरी काम तुटतं. म्हणून रखवालदाराचं काम शत्रूला मारणं नसून, मदत येईपर्यंत झेंड्याला हात लावू न देणं हे आहे. नवखे इथेच चुकतात: एकाच्या मागे रस्त्यापर्यंत पळत जातात आणि मागून दुसरा येऊन झेंडा घेतो. रस्त्यावरच्या मारामारीला गुण नाहीत.

गुणांचा हिशेब जुन्या, आधी 2000 गुण करेल तो जिंकला या नियमाने असा: एका ठाण्याला दर 12 सेकंदांनी 10 गुण, दोनला दर 9, तीनला दर 6, चारला दर 3. पाचही हातात असतील तर दर सेकंदाला 30. म्हणजे शून्यापासून तीन ठाणी टिकवून 20 मिनिटांत डाव संपतो, आणि तोवर दोन ठाण्यांवाला 1333 च्या आसपास पोचलेला असतो. चार ठाण्यांवर हेच काम 10 मिनिटांत.

हे आकडे डोक्यात असले की आरडाओरडा कमी होतो. समजा समोरचे 1600 वर आहेत. तुम्ही आत्ता तीन ठाणी घेतलीत आणि त्यांच्याकडे दोन उरली, तर त्यांना 360 सेकंद लागतील आणि तेवढ्यात तुमचे 600 गुण होतील. तुम्ही 1400 च्या वर असाल तर बसून राखा, चौथ्याच्या मागे लागू नका. 1400 च्या खाली असाल तर राखून उपयोग नाही, चौथं घ्यावंच लागेल. चार विरुद्ध एक झालं की त्यांना 480 सेकंद लागतात आणि तुम्ही 1600 कमावता. 'पाचही घेऊ' हा मोह मात्र महागात पडतो. शत्रूच्या दाराशी सगळे जमतात आणि मागची दोन ठाणी एकेका माणसावर राहतात.

या सगळ्यात स्ट्रॉमगार्डचा राजवंश कुणाला आठवतो? कुणाला नाही, आणि बिघडत काही नाही. जमिनीसाठी भांडतोय ही भावना त्या एका मिनिटाच्या घालमेलीत येते.

गिल्निअसचं उलटं झालं. शहर सुंदर, पण वॉर्गेन (गिल्निअसचे लांडगामाणूस) पात्राची सुरुवात संपली की रिकामं असायचं. दुकान नव्हतं, टपाल नव्हतं, जाण्याचं कारणच नव्हतं. निर्वासित गिल्निअसवाल्यांचा राजा अलायन्सच्या दरबारात उभा राहून वर्षानुवर्षं बदल्याची भाषा करत राहिला. जानेवारी 2024 मध्ये 10.2.5 पॅचला शहर परत मिळालं, तेही स्कार्लेट क्रुसेड नावाच्या तिसऱ्याच टोळीकडून, एका छोट्या कथामालिकेत. तेरा वर्षं तापवलेला तवा आणि त्यावर एकच पोळी. गिल्निअसप्रेमी खेळाडूंची चिडचिड मला रास्त वाटते.

आता ज्यांना झेंडाच मिळाला नाही ते. अराथीच्या मूळ माणसांनी एल्फांशी हात मिळवला, एल्फांनी शंभर माणसांना जादू शिकवली आणि दोघांनी मिळून अमानी ट्रोलांचं साम्राज्य मोडलं. एल्फांचं क्वेलथालास उभं आहे तेही ट्रोलांच्या जमिनीवर. या वादात सगळ्यात जुना सातबारा अमानींचा. त्यांचा पुढारी झुलजिन एल्फांवरच्या रागापायी जुन्या होर्डमध्ये गेला आणि ब्लड एल्फ, म्हणजे क्वेलथालासचेच एल्फ, आत आल्यावर नव्या होर्डकडे पाठ फिरवून बसला. त्याची बाजू ऐकायची सोय गेमने केली ती नोव्हेंबर 2007 मध्ये, दहा जणांचा रेड, म्हणजे गटाने मिळून करायची मोहीम म्हणून. अलायन्स असो की होर्ड, दोघांनाही त्याला मारायचंच होतं. आणि तिथले चारही कैदी वेळेत सोडवले तर बक्षीस म्हणून अमानींचंच लढाऊ अस्वल मिळायचं, स्वारीला.