सायलोच्या माथ्यावरची धूळ

त्या दिवशी माझ्या बल्करमध्ये, म्हणजे सुटा माल वाहणाऱ्या टाकीच्या गाडीत, सुमारे 30 टन सुटे सिमेंट होते. होज जोडून, कपलिंगचे (होजच्या जोडाचे) कान नीट बसले आहेत याची खात्री करून मी कॉम्प्रेसर सुरू केला. बल्करच्या कप्प्यांच्या तळाशी जाड कापडी पडदे असतात; त्यांतून वर येणारी हवा सिमेंट भुसभुशीत करते आणि मग तेच सिमेंट पाण्यासारखे वाहत होजमधून सायलोत, म्हणजे सिमेंट साठवायच्या उंच पत्र्याच्या टाकीत, चढते. माल नीट जात असला की होजवर ठेवलेल्या हाताला एकसारखी, जड थरथर जाणवते. त्या दिवशीही ती जाणवत होती आणि दाबाचा काटा दीड बारवर स्थिर होता.

तरीही थोड्या वेळाने सायलोच्या माथ्यावरून राखाडी धुळीचा लोट उठला, विरला आणि पुन्हा उठला. साइटवरचे सुपरवायझर म्हणाले, "थोडेफार उडतेच, चालू राहू द्या." मला ते पटले नाही. मालाबरोबर सायलोत शिरणारी सगळी हवा माथ्यावरच्या फिल्टरमधूनच बाहेर पडावी लागते, आणि फिल्टर तुंबला की तिथला सेफ्टी व्हॉल्व्ह उचलला जातो. बल्करची टाकी दोन बार दाब सहज सोसते. सायलोचा व्हॉल्व्ह मात्र साधारणपणे 0.05 बारच्या आसपासच उघडतो, कारण सायलोचे पत्रे जास्त दाबासाठी बनवलेलेच नसतात. एवढासा दाब माझ्या गेजवर दिसणे शक्यच नव्हते.

मी आधी माल सोडणारा व्हॉल्व्ह बंद केला, मग हवा तोडली आणि टाकीतला दाब ब्लो-डाऊनमधून (हवा बाहेर सोडायच्या व्हॉल्व्हमधून) सावकाश सोडून दिला. काटा शून्यावर येईपर्यंत मी कपलिंगला हात लावला नाही आणि कोणाला लावूही दिला नाही. (घाईत उघडलेली होज माणसाला आडवे पाडते.) सुपरवायझर नाराज झाले, मिक्सरच्या गाड्या खोळंबल्या होत्या, हेही खरेच.

साइटचा फिटर सेफ्टी बेल्ट लावून वर गेला. फिल्टर झाडण्यासाठी जी हवेची नळी असते, तिचा कॉक कोणीतरी बंद करून ठेवला होता, आणि ओलाव्याने सिमेंट धरून फिल्टरच्या पिशव्यांवर टणक खपल्या चढल्या होत्या. पिशव्या बदलून, कॉक उघडून, सेफ्टी व्हॉल्व्हच्या बैठकीत अडकलेले सिमेंट काढून तो खाली उतरला तेव्हा दुपार उलटली होती.

उरलेला माल मी दाब कमी ठेवून सोडला. खरा धोका शेवटी असतो: कप्पा रिकामा होताच होज हलकी पडून झटके देऊ लागते आणि टाकीत कोंडलेली हवा, वाटेत अडवायला माल नसल्यामुळे, एकदम सायलोत घुसते. म्हणून पहिला झटका जाणवताच मी व्हॉल्व्ह आवळला आणि राहिलेला दाब गाडीकडूनच सोडला. चलनावर सही घेण्यापूर्वी गाडी थांबल्याची वेळ आणि फिल्टर तुंबल्याचे कारण मी स्वतः लिहिले, कारण अशा खोळंब्याचा हिशेब बहुतेक वेळा चालकाच्याच नावावर मांडला जातो.