लेकीच्या गाडीचं पासिंग

एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये ३१ वर्षं काढली, त्यातली निम्मी तरी पिटात उभं राहून ब्रेक बघण्यात. आंबा घाट उतरून आलेल्या गाडीचा ड्रम उघडला की लायनर कसलं, कोळसाच. वास तर विचारूच नका, घरी जेवताना हाताला यायचा. तेव्हा ब्रेक जातो तो वापरून वापरून, हे माझ्या डोक्यात पक्कं. मागच्या उन्हाळ्यात जर्मनीत लेकीकडे गेलो आणि ब्रेक वापरला नाही म्हणून गाडी पासिंगला नापास झालेली बघितली.

लेक ब्रेमेनला असते. तिची गाडी प्लग-इन हायब्रिड, सेकंड हँड घेतलेली, पाच वर्षांची. पेट्रोल इंजिन आहे, मोटर आहे आणि चार्जिंगची पिनही आहे. तिचं ऑफिस १४ किलोमीटरवर. रात्री घरी चार्जिंगला लावायची, सकाळी निघायचं. इंजिन पंधरा-पंधरा दिवस सुरूच होत नाही. पेट्रोल कधी भरलं ते तिला आठवेना, याचं तिला कौतुक आणि मला धाकधूक.

तिकडे खासगी गाडीलाही पासिंग असतं. नवी गाडी तिसऱ्या वर्षी, मग दर दोन वर्षांनी. पास झाली की मागच्या नंबरप्लेटवर एक गोल स्टिकर चिकटवतात. मधे साल, कडेने महिने, आणि जो महिना वर तो मुदतीचा. मागून येणाऱ्या पोलिसाला चालत्या गाडीत कळतं. आपल्याकडे काचेच्या कोपऱ्यात कुठेतरी कागद चिकटवायचे आणि उन्हात पांढरे होऊ द्यायचे.

जावयाला काळजी बॅटरीची. मी म्हटलं, बघू या.

तपासनीस तरुण होता, कामाला स्वच्छ. आधी दिवे, मग टायर. मग गाडी वर घेतली आणि खाली शिरला. हाय व्होल्टेजच्या केबली नारिंगी रंगाच्या असतात, त्यांच्यावरून टॉर्च फिरवली. कुठे घासलंय का, क्लिप सुटल्यात का, चार्जिंगच्या सॉकेटचं झाकण धड आहे का. डॅशबोर्डवर कुठला दिवा पेटलेला नाही ना, तेही पाहिलं. बॅटरीचं एवढंच, ती पास.

धुराची गंमत झाली. सायलेन्सरमध्ये नळी घातली आणि इंजिन आपलं आपण बंद पडलं, कारण बॅटरी भरलेली. तो हसला, गाडी स्पोर्ट मोडला टाकली, इंजिन गुरगुरलं. तेही पास.

मग गाडी रोलरवर. एका वेळी एक जोडी चाकं रोलरवर घेतात, रोलर फिरतात, ब्रेक दाबला की प्रत्येक चाकाचा जोर वेगळा दिसतो. पुढची चाकं व्यवस्थित. मागची आली आणि डावा काटा चढत गेला, उजवा मधेच अडकला. तपासनिसाने पुन्हा दाबायला सांगितलं. तसंच. एकाच धुऱ्यावरच्या दोन चाकांत एवढा फरक म्हणजे जोरात ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढणार. हे कळायला मला जर्मन यायची गरज नव्हती.

त्याने मला बोलावलं. लेकीने आधीच सांगून ठेवलं होतं की बाबा मेकॅनिक होते. उजव्या मागच्या चाकाच्या आतल्या बाजूने टॉर्च धरली. बाहेरून डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची लोखंडी तबकडी, बरी दिसत होती, थोडी तांबूस. आतून मात्र कडेचा तीन बोटं पट्टा गंजाने खरखरीत, मधे खड्डे, आणि तिला आवळून थांबवणारा पॅड घासत होता तो जेमतेम बोटभर गोल चकाकता भाग. मी नख फिरवलं. आमच्या अंगणातल्या जांभ्यावर फिरवावं तसं लागलं.

कारण साधं आहे. या गाडीत तुम्ही ब्रेक पेडल दाबता तेव्हा हलक्या हाताने दाबलं तर मोटर उलटी जनरेटर होते, गाडीची गती विजेत बदलून बॅटरीत टाकते. डिस्कला पॅड लागतो तो जोरात दाबलं तर, किंवा बॅटरी भरलेली असली तर, किंवा अगदी शेवटी थांबताना. लेक माझी शिस्तीची, लांबूनच सिग्नल बघून अलगद थांबणारी. ब्रेमेनला घाट सोडा, चढही शोधावा लागतो. त्यात थंडीत बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. ओलं मीठ डिस्कवर बसायचं आणि त्याला घासून काढायला पॅड यायचाच नाही. पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरची सरकती पिनसुद्धा तशीच जाम झाली होती.

दोष गंभीर, स्टिकर नाही. महिन्याच्या आत दुरुस्त करून पुन्हा आणा. शिवाय पुढच्या चाकाच्या सांध्यातल्या एका रबरी बुशला चीर, तो किरकोळ दोष. या गाड्या साध्या पेट्रोल गाडीपेक्षा दोन-अडीचशे किलो जड असतात, बुश बिचारा कुठे जाणार.

मी म्हटलं, जॅक आण, पाना आण, संध्याकाळपर्यंत कॅलिपर उघडतो. लेक म्हणाली, "बाबा, इथे पार्किंगमध्ये असं काही करायचं नसतं." तिथे मला पहिल्यांदा म्हातारा झाल्यासारखं वाटलं. मागच्या दोन्ही डिस्क, पॅड आणि मजुरी धरून ४२० युरो गेले. बारा दिवसांनी गाडी पास.

जावई मला विचारत होता, अशी गाडी घेणं पासिंगच्या दृष्टीने धोक्याचं का? मी सांगितलं, ज्याची भीती वाटते ती बॅटरी आणि मोटर कुणी नापास केली नाही. नापास झाला तो लोखंडाचा तुकडा, आणि तोही आरामात बसून.

तपासनिसाने जाता जाता एक युक्ती सांगितली, ती मात्र मी वहीत लिहून घेतली. मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नाही बघून, गाडी न्यूट्रलला टाकायची आणि चांगला दाबून ब्रेक मारायचा. न्यूट्रलला मोटर वीज बनवत नाही, सगळा भार डिस्कवर येतो. आठवड्यातून काही वेळा केलं की गंज धरत नाही.

रत्नागिरीला परतलो आणि शेजारच्या निवृत्त मॅनेजरसाहेबांची हायब्रिड बघितली. त्यांची पिनवाली नाही, पण ब्रेकचं तंत्र तेच. घर भाट्याच्या बाजूला, समुद्र दोन मिनिटांवर. तिकडे मीठ रस्त्यावर टाकावं लागतं, इथे वारा फुकट आणून देतो. पीयूसीला गेले तेव्हा त्यांचंही तेच झालं. पोरगा म्हणतो, "काका, गाडी चालू करा." काका म्हणतात, "अरे, चालूच आहे!" इंजिन गप्प. शेवटी इंजिन सुरूच ठेवणारा मेंटेनन्स मोड लावून दिला मीच.

पण पीयूसीवाला धूर बघतो, ब्रेक बघत नाही. आपल्या खासगी गाडीचं खरं पासिंग १५ वर्षांनी, मग दर पाच वर्षांनी. तोवर मागच्या डिस्ककडे बघणारं कुणी नाही. मी साहेबांच्या चाकाखाली वाकून टॉर्च मारली. आतून तांबडी. कोल्हापूरला जातात तेव्हा परतताना घाटात बॅटरी अर्ध्या वाटेत भरते आणि पुढे डिस्कला काम लागतं, तेवढंच. पण जातात वर्षातून दोनदा. "तीनच वर्षं झालीत हो गाडीला," म्हणाले. न्यूट्रलची युक्ती सांगितली. आता रविवारी पहाटे ते भाट्याच्या मोकळ्या रस्त्यावर धाडकन ब्रेक मारत असतात, आणि फिरायला आलेली माणसं वळून बघतात.

लेकीचा फोन रविवारीच येतो. जेवलीस का, हे तिची आई विचारते. माझा प्रश्न ठरलेला: "ब्रेक दाबलेस का?"

"दाबले हो बाबा, दहा वेळा."

मागून जावई ओरडतो, "सहा!"